सोमवारचं मौन

"चप्पल इधर उतार दे, बेटी. और सुन, यहाँ से एक तिनका भी मत ले जइयो."

अंगूरीचा तो खरखरीत आवाज... आणि उघडलेल्या पाहणीवहीच्या शिवणीत हे नखाएवढं, वाळून तांबूस झालेलं धौच्या झाडाचं पान. हे आपण आणलं नव्हतं. आपणहून पडलं असेल, वही उघडी असताना. पद्मजानं ते उचलायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

फरीदाबादमागच्या टेकड्यांतली ती देवराई. (देवराई म्हटलं की लेक विचारते, "म्हणजे जंगल ना, आई?") गेल्या दिवाळीनंतर नगररचना कार्यालयातर्फे ती पाहणीला गेली होती. गावातल्या बाया तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला नेत नाहीत. निघताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्या अंगूरीनं विचारलं होतं, नकाशात आमची बणी, ही देवराई, हिरवी दाखवशील ना? आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी पद्मजा म्हणाली होती, "दिखाऊँगी, अम्मा. और कुछ गड़बड़ हुई, तो खुद आके बताऊँगी."

मग श्रावणातला तो सोमवार. हरित पट्ट्याच्या आराखड्याची बैठक, अकरा वाजता. पडद्यावर उपग्रहानं टिपलेली दोन चित्रं — एक सप्टेंबरचं, एक मेमधलं. उन्हाळ्यात धौ सगळी पानं झाडून उभा राहतो. मेच्या चित्रात देवराई नुसती भुरकट, माळासारखी.

"मे-वालं घ्या, ताजं आहे," दिनकर साहेब म्हणाले. "पडीक दिसतंय तर पडीक लिहा, यार. रस्ता तिथूनच न्यायचाय." मग तिच्याकडे वळून, "पाहणी तुमची होती. काही म्हणायचंय?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"अरे हो, आज पद्मजाबाईंचं मौन!" शेजारचा शशिकांत हसला. "देव बिल्कुल सोयीचा आहे हं तुमचा." सगळे हसले. तीही हसली, आवाज न करता.

चातुर्मासात सोमवारी जेवणापर्यंत बोलायचं नाही, हे व्रत अकरा वर्षांचं. पण यजमान, जयंत, जिन्यात घसरले तेव्हा मोडलंच होतं की, आणि गॅसवाला परत जायला निघाला तेव्हाही... देवापुढे कान धरले, झालं. शिवाय पेन हातातच होतं. कागदावर 'धौ' एवढं लिहून सरकवता आलं असतं. बैठक साहेबांनी मुद्दाम सोमवारी ठेवली असेल का? — नको, त्यांच्यावर ढकलू नकोस. बढतीची यादी निघायची होती. मला बोलायचं नव्हतं, आणि मी देवाला पुढे केलं.

आराखड्याची जाहिरात इंग्रजी पेपरात छापून आली. त्या गावात ती कोण वाचणार? हरकती घ्यायची मुदत उद्या संपते. या महिन्याभरात दिवा, जप, उपास, एकही चुकला नाही. परवा अंगूरीचा फोन आला होता — "कागज छप गया के? म्हारी बणी हरी सै ना?" आणि ती म्हणाली, "बाद में बात करती हूँ, अम्मा." किती हळू, किती गोड आवाजात म्हणाली...

तिनं वही मिटली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"अर्धी रजा हवी होती."

"अच्छा. पूजा-बिजा?"

"नाही. फरीदाबादला जायचंय. त्या गावात."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्यानंतर जा ना."

"उद्यानंतर उपयोग नाही, साहेब."

तिनं रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. ती बाहेर आली. अम्माला सांगायचं, हरकतीत एकच लिहा: चित्र मेमधलं का घेतलं? मग फाइल उघडेल, पाहणी कुणाची ते निघेल, आणि बैठकीत ती गप्प का बसली, तेही कुणीतरी विचारेल. विचारू दे... हे 'विचारू दे' खरं, की तेही एक व्रतच, आपण चांगल्या आहोत असं स्वतःला वाटावं म्हणून?

मेट्रो स्थानकाच्या दाराशी सवयीनं ओठांवर जप आला. तिनं तो थांबवला आणि त्या जागी शब्द जुळवू लागली — अम्मा, मैं वहीं बैठी थी... पुढचं वाक्य काही सापडेना. तशीच ती जिना उतरू लागली.