दोष भामाबाईंच्या अंगठ्याचा नव्हता

मी अंगठ्याची मशीन बोलतेय. राहू गावात रविराजच्या सेवा केंद्रात टेबलावर असते. आज तोंड दाखवायची लाज वाटतेय, तरी बोलते.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. खोक्यात बसून इथं आले. बोटभर काच आणि एक लाल दिवा, एवढाच माझा संसार. माणसानं अंगठा टेकवला की ठसा कॉम्प्युटरला द्यायचा. पण कॉम्प्युटरात माझी सर्व्हिस, म्हणजे मला चालवणारा प्रोग्राम, चालू असेल तरच तो ठसा पुढं जातो. ती बंद असली तरी माझा दिवा लागतोच. लबाडी म्हणा हवं तर.

चार दिवस सर्व्हिस उठेना. रविराजनं तार काढून घातली, भोकात फुंकर मारली, कॉम्प्युटर बंद-चालू केला, सर्व्हिस पुसून परत टाकली. पडद्यावर तेच: सर्व्हिस चालू झाली नाही. त्यानं ते वाचलंही. पण दारात रांग. आपलं बिघडलंय असं चारचौघांत कोण म्हणतं? बाईचा अंगठा वाईट म्हणणं सोपं.

काल रेशनसाठी अंगठा द्यायचा शेवटचा दिवस. सहाच्या आत ठसा लागला नाही तर रेशनकार्डावरचं नाव कमी होणार. भामाबाई आल्या.

"मामी, अंगठा झिजलाय तुमचा."

"झिजंल न्हाई तर काय. जन्मभर खुरपं धरलंय. तू धरलंस व्हय कवा?"

तरी बाईंनी अंगठा धुतला, पायरीच्या दगडावर घासला. परत टेकवला तेव्हा माझ्या काचेला रक्त लागलं. माझा दिवा आपला लागलेला.

रविराजनं पडद्यावरचं घड्याळ बघितलं. "अडीच झाले. तुमची दोनची एसटी गेली."

"गेली? मग ती वळणावरनं कोण येतीय, तुझी सासू?"

झेरॉक्स काढणारी त्याची बायको अनिता थांबली. "घड्याळ मीच चार दिवसांमागं अर्धा तास पुढं केलंय. कुरकुंभच्या कारखान्यातल्या रात्रपाळीची बस रोज चुकवता तुम्ही, म्हणून."

वेळ चुकली की सर्व्हिस उठत नाही, हे रविराजला शिकवलेलं होतं. आत्ता आठवलं. वेळ नीट केली, सर्व्हिस उठली, भामाबाईंचा ठसा पहिल्या खेपेला लागला. एसटी तेवढ्यात निघून गेली.

"झालं बघा, मामी."

"काय झालं? परवा साखरबाई रडत गेली इथनं. फोन लाव तिला, माझ्यासमोर. आन् चूक कुणाची ते सांग."

रविराजनं लावला. "साखरमावशी, या परत. अंगठा चांगला हाय तुमचा. चूक माझी व्हती." मग त्यानं चार दिवसांच्या यादीतला एकेक नंबर फिरवला.

बायांनो, कुणी तुमच्या हातांना नाव ठेवलं तर पडद्यावर काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाचायला लावा. मला तोंड असून नसल्यासारखं.

सहापर्यंत बऱ्याच जणी येऊन गेल्या. चौघींचे फोन लागलेच नाहीत. त्या घरी बसून आपापले अंगठे बघत असतील.