सहाचे बारा व्होल्ट

“हा धुतला कुणी?”

टेस्टरने सख्ख्या भावाला विचारलेला पहिला प्रश्न हा. कसा आहेस नाही, वहिनी कशी आहे नाही. चार वर्षांनी दादा गॅरेजच्या दारात आला होता. वडिलांचा जुना ट्रॅक्टर टेम्पोच्या मागे बांधून त्याने ओढत आणला होता, आणि टेस्टर बॉनेटवरून बोट फिरवून त्या बोटाकडे बघत होता.

“मीच धुतला,” दादा म्हणाला. “तुझ्याकडे आणायचा म्हणून.”

“माझ्याकडे आणायचा म्हणून,” टेस्टरने ते वाक्य माझ्याकडे बघत परत म्हटलं. खोटी नोट दुकानदार उजेडात धरतो ना, तसं.

माझं पंक्चरचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून. मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळे मी सांगतो ते कानांनी ऐकलेलं आहे. जिथे ऐकू आलं नाही, तेवढंच पदरचं घातलंय.

टेस्टर हे त्याला पडलेलं नाव. गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. चाळीस वर्षं त्याच्या खिशात तो वायरवाला टेस्टर आहे आणि चाळीस वर्षं डोक्यात संशय. विजेच्या खांबाला टेकण्याआधी तो खांब तपासतो. दवाखान्यात डॉक्टरने छातीला नळी लावली, तर याने आधी ती नळी स्वतःच्या कानाला लावून खात्री करून घेतली. आरशात बघून झालं की आरशामागेही डोकावतो म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर जोर देत नाही.

ट्रॅक्टर दोघांपेक्षा वयाने मोठा. सहा व्होल्टची बॅटरी, कापडी वेष्टणाच्या वायरी आणि दिवे असे की रात्री ते लागलेत की नाही हे बघायला काडी ओढावी. सेल्फचं बटण दाबलं की इंजिन एकदा कण्हायचं आणि कूस बदलून झोपायचं. मग पुढून लोखंडी हँडल घालून अंगातली सगळी ताकद लावून फिरवायचं. दादा वर्षानुवर्षं तेच करत आला होता.

“सहाचे बारा व्होल्ट करून दे,” दादा म्हणाला. “सेल्फवर चालू झाला पाहिजे. हँडल आता होत नाही. आणि एक हॉर्न बसव. दणक्यात वाजणारा.”

“शेतात हॉर्न? कुणाला बाजूला सारणार, मुंग्यांना?”

“बसव रे. आणि त्याचं प्लस बॉडीला आहे, ध्यानात ठेव. बाकीच्या गाड्यांसारखं मायनस नाही.”

दादा टेम्पोत बसून गेला. तो वळणाआड होईपर्यंत टेस्टर हलला नाही. मग पत्र्याच्या अलीकडे माझ्याकडे आला.

“काका, ह्याला घरातला बल्ब बदलता येत नाही. ह्याला प्लस-मायनस कुणी शिकवलं?”

“वडिलांनी सांगितलं असेल.”

“गिऱ्हाइकाने सांगितलंय. धुतलेला ट्रॅक्टर, सेल्फवर चालू, वर हॉर्न. हा विकतोय.”

त्याचं भय खोटं होतं असं नाही. हल्ली जुन्या ट्रॅक्टरांचे शौकीन हिंडत असतात. नेतात आणि हॉटेलच्या दारात उभे करून बॉनेटवर फुलांच्या कुंड्या ठेवतात. वडील गेले तेव्हा जमीन दादाला मिळाली, गॅरेज आणि हत्यारं याला. ट्रॅक्टर दादाकडे राहील पण विकायचा नाही, असं दोघांत ठरलं होतं. टेस्टर लहानपणी बोलायला लागण्याआधी त्या इंजिनाचा आवाज काढायचा, अशी त्याची आई सांगे. पहिला शब्द ‘आई’ नव्हे, ‘ढुगढुग’. त्या बाईने कधी थाप मारली नाही, तेव्हा मानायला हवं.

सहा दिवस काम चाललं. कापडी वायरी हातात बिस्किटासारख्या चुरल्या. त्याने डायनॅमो उतरवून अल्टरनेटर चढवला, त्यासाठी पट्टी स्वतः कापून वाकवली. कॉइल जळू नये म्हणून रेझिस्टर घातला, बल्ब बदलले, आणि नव्या रीतीप्रमाणे मायनस बॉडीला दिलं. हे करताना वायरींचा जुना एकेक सांधा तो भिंगातून बघत होता. परका हात कुठे लागलाय का, शोधत होता. सगळे सांधे वडिलांच्या हातचे निघाले.

“बघा,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत एकही परका सांधा नाही! इतका सरळ माणूस असतो का कुठे?”

शेवटच्या दिवशी मी पत्र्याच्या फटीतून पाहिलं, तर तो सीटखाली हात घालून करंगळीएवढा स्विच बसवत होता.

“हे रे काय?”

“छुपा स्विच. सेल्फच्या वायरीत टाकलाय. बंद केला की बटण दाबा, नाहीतर बटणासमोर नाचा.”

“दादाला सांगणार?”

“सांगितलं तर छुपा कसला? ऐका. इंजिन चालू करून त्याच्या ताब्यात देतो आणि जाता जाता हा बंद करतो. ठेवायचा असेल तर उद्या मला फोन करील की सेल्फ मारत नाही. मी जाऊन लावून देईन, लूज होतं म्हणेन. आणि विकला असेल, तर ते गिऱ्हाईक बटण दाबत बसेल!”

मी हसलो. डोकं बाकी आहे, असंही म्हणालो. हे लिहायला नको होतं, पण घडलं तसं सांगतोय.

दादा आला. सीटवर बसला, बटण दाबलं. इंजिन पहिल्याच फटक्याला असं पेटलं की माझ्या दुकानातल्या ट्यूबा आपोआप फुगल्या. सीटवर बसल्या बसल्या दादाने धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. टेस्टरने त्या हाताकडे पाहिलं, वाकून सीटखाली काहीतरी घट्ट केल्यासारखं केलं, आणि दादा निघाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. टेस्टर फोन समोर ठेवून सोल्डरिंग करायचा. कुणाचाही फोन वाजला की झडप घालायचा, एकदा तर माझाच उचलला. आठव्या दिवशी म्हणाला, “विकला. काका, स्कूटर काढा. तोंडावर विचारतो.”

तासाभराची वाट. वाटेतल्या दोन हॉटेलांच्या दारांत त्याने मान लांब करून पाहिलं.

ट्रॅक्टर विकला नव्हता. अर्ध्या नांगरलेल्या शेतात उभा होता. दादा ओट्यावर बसला होता, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

“या, भावजी,” वहिनी दारातूनच म्हणाली. “बघा आपल्या भावाचं. रोज हँडल मारत होते. चौथ्या दिवशी हँडलने उलटा फटका दिला, मनगट गेलं. नशीब, हॉर्न वाजवायचं सुचलं. गेलं वर्षभर चक्कर येते, म्हणून तर बसवून घेतला तो. नाहीतर मला घरात काय कळणार होतं?”

“सेल्फ?” टेस्टरचा आवाज माझ्या दुकानातल्या गळक्या ट्यूबसारखा आला.

“पहिल्या दिवसापासून बंद. फोन करा, फोन करा म्हणून डोकं फोडलं मी. ऐकतात का!”

“अगं, बारा व्होल्टचं नवीन काम,” दादा म्हणाला. “मलाच बटण दाबायची रीत जमत नसेल. चार वर्षांनी गेलो आणि लगेच कामाला नावं ठेवू त्याच्या?”

टेस्टर शेतात चालू लागला. मागे आम्ही. त्याने वाकून सीटखाली हात घातला. तिथे क्लिक करून ‘लूज होतं’ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मी तर तोंड उघडणार नव्हतोच. पण त्याने पक्कड काढली, स्विच वायरीसकट कापला, दोन टोकं पिळून टेप मारली, आणि तो करंगळीएवढा तुकडा दादाच्या डाव्या तळहातावर ठेवला.

“हे काय?”

“स्विच. मीच बसवला. मीच बंद केला.”

“कशाला?”

“चोरांसाठी असतो.”

दादाने तो तळहातावर उलटासुलटा केला.

“मग, चोर सापडला?”

टेस्टर पक्कड पुसत राहिला. दादाने स्विच सदऱ्याच्या खिशात टाकला.

“खालच्या शेताचा तुकडा नांगरायचा राहिलाय,” तो म्हणाला. “बस वर. तिथे दगड फार आहेत, कुठे आहेत ते तुला नाही कळायचे.”

टेस्टर सीटवर चढला. बटण दाबलं, इंजिन लागलं. दादा नांगराच्या बाजूला गेला नाही, पुढे गेला. गळ्यात अडकवलेला हात सावरत, चाकांच्या पुढे सात-आठ पावलं राखून चालू लागला. दगड आला की डावा हात वर करायचा, ट्रॅक्टर थांबायचा. तो पायाने दगड दाखवायचा, मग पुढे.

असा तो शेताच्या पार टोकापर्यंत चालत गेला. इंजिन पाठीशी ढुगढुगत होतं. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.