न रडण्याची शिकवणी

आपल्या हातून चूक झाली, हे इस्त्रीवालीने कधीच नाकारलं नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची संध्याकाळची पाळी असायची. नवरा काम शोधायला म्हणून परगावी गेला तो गेलाच. मग काय करणार? सहा वर्षांच्या मुलीला घरात ठेवायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि जीव मुठीत धरून चादरींवर इस्त्री फिरवत राहायचं. हातावर पोट असलेल्या माणसाला एवढंच सुचतं. एकदा मुलीला भूक लागली. ती स्टुलावर चढली, शेगडीवर दूध ठेवलं आणि वाट बघता बघता झोपून गेली. खिडकीतून धूर यायला लागला तेव्हा शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं. पोरीच्या केसालाही धक्का लागला नव्हता, पण त्याच आठवड्यात बालकल्याण खात्याची माणसं आली आणि तिला घेऊन गेली.

पोरीला सगळे मुंगी म्हणत. डबा कितीही वर ठेवा आणि झाकण कितीही घट्ट लावा, ती साखरेपर्यंत पोचायचीच.

खात्याची एक योजना होती. मूल आईपासून कायमचं तोडायचं नाही, आधी घर सावरायला मदत करायची आणि मग मूल परत घरी आणायचं. तोवर मुंगी एका सांभाळणाऱ्या बाईंकडे राहणार होती. मुंगी त्यांना मावशी म्हणायची. इस्त्रीवालीच्या घरी भेट द्यायला एक ताई यायला लागल्या. सरकारी माणूस म्हणजे येणार, नाक मुरडणार आणि चहा पिऊन जाणार, अशी इस्त्रीवालीची खूणगाठ होती. ताई चहा प्यायच्या, तोही दोन कप, पण त्यांनी कामही तेवढंच केलं. धुलाईखान्याच्या मुकादमाचं डोकं खाऊन तिला दिवसाची पाळी मिळवून दिली. शेजारच्या आजींना गळ घालून शाळा सुटल्यावर मुंगीकडे बघायला तयार केलं. शेगडी पोरीचा हात पोचणार नाही अशी उंच बसवून घेतली. परक्या बाईने आपल्यासाठी इतकं करावं, या विचाराने इस्त्रीवालीला भरून यायचं. ताईंचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही, आणि घात झाला तो इथेच.

दर शनिवारी खात्याच्या भेटीच्या खोलीत मायलेकींची गाठ पडायची. भिंतीवर हत्ती-घोडे रंगवलेले, मध्ये छोट्या खुर्च्या, आणि एका कोपऱ्यात ताई. पहिल्या भेटीत इस्त्रीवालीने दारातच हंबरडा फोडला. मुंगी तिच्या गळ्याला अशी चिकटली की निघायच्या वेळी दोघींना सोडवायला माणसं लागली. पोर मावशीकडे जाऊन ओकली आणि दुसऱ्या दिवशी अन्नाला शिवली नाही.

ताईंनी मग इस्त्रीवालीला समोर बसवलं.

"हे बघा, तुम्ही रडलात की तिला वाटतं, आईच बुडाली, आता मला कोण काढणार? तिच्यासमोर रडायचं नाही. हसून भेटायचं, हसून निघायचं. उंबऱ्यात घुटमळायचं नाही."

"आणि रडू आलंच तर, ताई?"

"जीभ टाळूला दाबून धरा. मी पण तेच करते."

इस्त्रीवालीने हे पाठ केलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण मेहनतीची त्याला लाज नसते. वाफेसमोर उभी राहून ती मुंगीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची आणि जीभ टाळूला दाबायची. बरोबरीच्या बाया चेष्टा करायच्या, "काय गं, तोंडात लाडू धरलायस का?" ती मान हलवायची, कारण तोंड उघडण्याची सोय नव्हती.

पुढच्या शनिवारी ती हसली. त्याच्या पुढच्याही. मुंगीची वेणी घालायची, चित्र रंगवायची, वेळ संपली की "चल, येते हं मी" म्हणून ताठ निघून जायची. जिन्याच्या वळणावर मात्र ती कठड्याला धरून पोटभर रडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कुठला असतो? ताई नंतर पाठीवर हात ठेवायच्या. "शाब्बास. फार छान केलंत आज." मुंगीही हळूहळू रडायची थांबली. मुकाट्याने चित्र रंगवायची आणि मुकाट्याने मावशीचा हात धरून जायची. मूल सावरलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

एका शनिवारी मुंगी ताप येऊन गेल्यावर आली होती. चेहरा एवढासा झाला होता.

"मावशी रडली," ती रंगाची कांडी घासत म्हणाली. "मला ताप होता ना, म्हणून. मी बघितलं."

तिची पोर तापाने फणफणली होती आणि तिला पत्ता नव्हता. तिने जीभ दाबली, डोळे मिटून उघडले आणि हसली.

"हो का? गुणाची गं मावशी. आता बरी आहेस ना? मग झालं तर."

मुंगीने वर पाहिलं, आईचा चेहरा नीट न्याहाळला आणि पुन्हा रंगवायला लागली. ताईंनी कोपऱ्यातून कौतुकाने मान डोलावली.

मग खात्याच्या समितीची बैठक आली. मुंगी घरी जाणार की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. इस्त्रीवालीने आदल्या दिवशीच घर झाडून पुसून ठेवलं, मुंगीच्या अंथरुणावर धुतलेली चादर घातली. शेजारच्या आजी गमतीने म्हणाल्या, "साखरेचा डबा लपव गं बाई, उद्या मुंगी येतेय." दोघी हसल्या.

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, बोलायला मऊ. मोठ्या टेबलाच्या एका टोकाला त्यांनी मुंगीला जवळ बसवून घेतलं. दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाली आणि ताई होत्या. मावशी दाराशी. घराबद्दल ताईंनी सांगितलं ते अध्यक्षबाईंनी समाधानाने ऐकलं. मग त्या मुंगीकडे वळल्या.

"बाळ, तुला कुठे राहावंसं वाटतं? जे वाटतं ते सांग. कुणी रागावणार नाही."

मुंगी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मावशीकडे."

"का गं?"

"मी गेले तर मावशी रडेल." मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आईला चालतं मी नसले तरी. ती नाही रडत."

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या उभ्या राहिल्या.

"बाई, हे मी शिकवलंय त्यांना. त्या जिन्यात रडतात, दर शनिवारी. मी बघितलंय."

"तुमचं खरं असेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण पोरीच्या मनात जे बसलंय ते आपण खोडून काढलं म्हणून निघेल का? आत्ता तिला ओढून पाठवलं तर ती नकोशा घरात गेल्यासारखी जाईल." त्या इस्त्रीवालीकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

इस्त्रीवालीने सवयीने ताईंकडे बघितलं. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. 'रडा ना,' असंच जणू त्या म्हणत होत्या. पण रड म्हटल्यावर रडू येत नाही. जीभ टाळूला अशी चिकटली होती की ती सुटेचना. महत्प्रयासाने सुटली तेव्हा ती म्हणाली,

"मला आता दिवसाची पाळी आहे. शेजारी आजी आहेत. शेगडी वर बसवलीय."

अध्यक्षबाईंनी उसासा टाकला. मुंगी आणखी काही महिने मावशीकडेच राहील, मग पुन्हा बघू, असं त्या म्हणाल्या.

सगळे बाहेर आले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढंच ताई पुटपुटत होत्या. इस्त्रीवाली दोन पावलं चालली आणि व्हरांड्यात मटकन खालीच बसली. आता कुठलीच शिकवण उपयोगी पडली नाही. असा आवाज निघाला की पलीकडच्या खोलीतले कारकून बाहेर डोकावले.

मावशीचा हात धरून फाटकाशी पोचलेली मुंगी थबकली. हात सोडवून पळत आली. आईला असं तिने पूर्वी बघितलं असलं तरी ते तिच्या आठवणीतून गेलं होतं. ती घाबरून आईसमोर उकिडवी बसली.

"काय झालं, आई? पडलीस? कुठं लागलं?"

मुंगीने आईचा एक गुडघा चाचपला, मग दुसरा. कोपर उलटून बघितलं, तळहात उघडून बघितले. रक्त कुठेच नव्हतं. तिने मागे वळून मावशीला हाक मारली.

"मावशी, थांब ना जरा. आईला लागलंय, पण कुठं ते दिसतच नाहीये."