परक्याचा पेला

"आज जरा जोरात फोड," कारभारी म्हणाले. "परवाचा आवाज बाईसाहेबांना वरपर्यंत आलाच नाही म्हणे."

"बरं," पाणीवाली म्हणाली. मातीचा पेला तिनं दोनदा विसळला. फुटणारच आहे तो, विसळायचा कशाला, असं स्वतःशी पुटपुटली आणि पुन्हा विसळला.

साम्राज्यातल्या सगळ्याच सरदार घराण्यांची ही रीत. दुसऱ्या ताऱ्यावरून कुणी माल घेऊन आलं की आधी पाणी द्यायचं, गोड बोलायचं, माल ठेवून घ्यायचा. मग व्यापारी पाठ फिरवून उंबऱ्याशी पोचला की त्याचा उष्टा पेला फरशीवर आपटायचा. त्याला ऐकू जायलाच हवं. माल चालतो, माणूस चालत नाही, दुसरं काय! पाणीवालीचा जन्म यातच गेला होता. व्यापाऱ्यांचे चेहरे तिला आठवत नसत, पाठी आठवत. रीत ठाऊक असूनही प्रत्येकाचे खांदे दचकून वर जायचेच.

दार उघडलं. आत आली ती तिची लेक.

परक्यांच्या यानावरच्या एका मेकॅनिकचा हात धरून ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. हवेलीत पोरीला कुणी कधी पाहिलं नव्हतं; पाणीवालीनं एवढंच सांगितलं होतं, की पोरगी लांब दिली. कुठे, ते कुणी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. आता तिच्या तोंडचं पाणीच पळालं. लेकीनं हळूच मान हलवली. बोलू नकोस, आई.

"हवा गाळायच्या जाळ्या आणल्यात," लेक कारभाऱ्यांना म्हणाली. "तुमच्या हवेलीच्या मापाच्या."

"अरे वा! आमची भाषा छान बोलता की!"

"आईनं शिकवली."

पाणीवालीनं पेला पुढे केला. लेक अर्धंच पाणी प्यायली. मेलीची लहानपणापासूनची खोड. जाळ्या पसंत पडल्या, सौदा झाला. लेक उठली आणि पाठ फिरवून उंबऱ्याकडे निघाली.

कारभाऱ्यांनी भुवई उडवली. पाणीवालीनं पेला उचलला. स्वयंपाकघरामागची खोली मरेपर्यंत तुझी, असं बाईसाहेबांनी तिला कबूल केलं होतं. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार होतं तिला? आपटावा आणि मोकळं व्हावं. पोरीला का रीत ठाऊक नाही?

तेवढ्यात तिला दिसलं, लेकीनं खांदे आधीच आवळून धरले होते. ते मात्र तिला बघवेना. तिनं पेला तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

"अगं, काय केलंस हे!" कारभारी ओरडले.

"हिचं उरलेलं पाणी मीच पीत आलेय, कारभारी. माझी लेक आहे ती."

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. ते जवळ येऊन कुजबुजले, "चक्कर आली म्हण. मी सांभाळून घेतो. फोड तो आणि आत जा, बाई."

भला माणूस. तिला त्यांची कीव आली आणि रडूही आलं. तिनं पेला त्यांच्या हातात ठेवला.

"उष्टं प्यायले, आता मीही परकीच. तुम्हीच फोडा. आणि जोरात हं, बाईसाहेबांना वरपर्यंत ऐकू जायला हवं."

ती उंबऱ्याकडे निघाली. लेकीनं तिचा हात घट्ट धरला.

"आई, अगं तुझं सामान?"

"राहू दे. चल तू."

त्या उंबरा ओलांडून पायरीवर आल्या, तरी मागे शांतताच होती. मग आवाज आला. फार मोठा नव्हता. कारभाऱ्यांनी पेला हलक्या हातानंच सोडला असावा. जन्मभर पेले फोडलेली बाई, आपण काही दचकणार नाही असं तिला वाटलं होतं. पण लेकीच्या आधी तिचेच खांदे वर गेले.

"फार लागतं गं," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.