रिकाम्या हाताने

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणायचे. आईवडील कधीच गेले होते, मागे उरला होता तो एक थोरला भाऊ. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बेकरीतले कामगारसुद्धा तिला ‘धाकट्या बाई’ म्हणायचे. तिने लग्न केलं नव्हतं. वडिलांची बेकरी तिने चालवली, वाढवली आणि जेवढं जमेल तेवढं वाटलं. चर्चमध्ये कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं माणूस गेलं, की संध्याकाळच्या आत धाकटीकडून पावाची पिशवी पोचायची. ‘हात मोठा आहे हो तिचा,’ असं लोक म्हणायचे.

दर रविवारी उपासना आटोपली की ती बेकरीचं मागचं दार उघडायची आणि पुठ्ठ्याचा एक खोका भरायची. ताजा केक, जॅम भरलेले पफ, लोण्याची बिस्किटं. मग रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत जायची, लिफ्टने वर जाऊन दादाची बेल वाजवायची. दादा दार अर्धवट उघडायचा. त्याहून जास्त उघडलं तर तो सगळाच दिसायचा आणि ते त्याला नको असायचं.

“जेवलास?”

“हो. आत ये ना.”

“नको रे, भट्टी लावायचीय.”

रविवारी भट्टी बंद असते हे दोघांनाही ठाऊक होतं. दादा खोका घ्यायचा, ती लिफ्टचं बटण दाबायची.

दादा पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारी फोनवर घ्यायचा, तेही घरी बसून. नळाला पाणी नाही, पाइप फुटलाय, मीटर उलटा फिरतोय असं काहीही असलं की लोक फोन करायचे आणि तिकडून दादाचा खोल, शांत आवाज यायचा. सगळ्या गावाला त्याचा आवाज ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कुणालाच नाही. वहिनी गेल्यापासून तो बसून राहिला होता. बसायचा, बोलायचा, खायचा. आधी चर्चमधल्या हाताच्या खुर्च्या त्याला पुरेनात, म्हणून तो मागच्या बाकावर बसू लागला. एकदा तो बाक करकरला आणि पुढच्या रांगेतल्या दोन मुली खुदकन हसल्या. त्यानंतर तो आलाच नाही.

मग त्याचा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करू, पण एवढ्या वजनावर भूल देणार नाही. आधी वजन उतरवा, मग या.

त्या रविवारी दादाने खोका हातात घेतला नाही.

“धाकटे, हे आता आणू नकोस.”

“मग काय आणू?”

“काही नको. तूच ये.”

खोका घेऊनच ती खाली उतरली. राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं. दिलेलं कुणी परत केलं असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती गेलीच नाही. हातात काही नसताना दारात उभं राहायचं म्हणजे अंगावर धड कपडे नसल्यासारखं तिला वाटलं. बेकरीच्या वरच्या घरात बसून तिने पडदे धुतले. स्वच्छ होते तरी धुतले.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ती गेली. दादाने तिला पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली. खिडकीपाशी त्याची रुंद, बिनहाताची खुर्ची, टेबलावर कानावर चढवायचा हेडफोन, भिंतीवर वहिनीचा फोटो. त्याच्या काचेवर धूळ नव्हती, बाकी सगळीकडे होती. बोलायचं काय, हा प्रश्नच होता. “थंडी वाढलीय,” ती म्हणाली. “हो, वाढलीय,” तो म्हणाला.

मग दादाच सांगायला लागला. एक म्हातारी रोज फोन करते, नळ गळतोय म्हणून. माणूस पाठवला की तो सांगतो, नळ ठणठणीत आहे. “शेवटी मी तिला म्हटलं, आजी, नळ नसेल गळत तरी फोन करा. तर म्हणते कशी, असा उगाच कसा करू, काहीतरी कारण नको का?”

धाकटीला हसू आलं आणि लगेच गेलं. तिला खोका आठवला.

दादा खाणं कमी करतोय ही बातमी चर्चमध्ये पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सगळ्यांसमोर त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि सोमवारपासून त्याच्या दारात डबे येऊ लागले.

“माझं वजन उतरू दे म्हणून देवाला सांगतात आणि वर पुडिंग पाठवतात,” दादा म्हणाला. “देवाने बिचाऱ्याने ऐकायचं कुणाचं?”

डबे परत करायचं काम धाकटीने अंगावर घेतलं. चार बायका रुसल्या. “तुमच्यासारखंच मनापासून दिलं होतं हो आम्ही,” त्यातली एक धाकटीला म्हणाली, आणि ते खरंच होतं.

अडचण वजन करायची होती. घरातला काटा दादाला पेलत नव्हता आणि दवाखान्यात सगळ्यांदेखत काट्यावर चढायला तो तयार नव्हता. धाकटी म्हणाली, “बेकरीत पोत्यांचा काटा आहे. रविवारी तिथे चिटपाखरूही नसतं.”

“म्हणजे मी मैद्याचं पोतं?”

“आधी मी चढते. मग ठरवू कोण कसलं पोतं ते.”

रस्ता अगदी अरुंद, पण तो ओलांडायला दादाला फार वेळ लागला. मधेच थांबून त्याने दिव्याच्या खांबाला हात टेकला. गोदामात पिठाचा गार वास होता. धाकटी खरंच आधी काट्यावर चढली आणि आकडा मोठ्याने वाचला. तो बघून तिला स्वतःलाच धक्का बसला. मग दादा चढला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बघ की,” तो म्हणाला. “कुणीतरी बघायलाच हवं.”

तिने पाहिलं. मग उतरताना त्याला खांद्याचा आधार दिला.

तेव्हापासून दुकान बंद झालं की ती रोज दादाकडे जाऊ लागली. आधी दोघं लिफ्टपर्यंत चालायची, मग इमारतीला वळसा घालायची, मग बंद दुकानांच्या ओळीपर्यंत. दादा भाज्या उकडायचा आणि दोघं तेच खायची. भाज्यांना चव नसायची, पण समोर माणूस असायचं. काटा सावकाश खाली येत होता. दादाचा शर्ट गळ्यापाशी सैल झाला. एकदा लिफ्टमधली शेजारीण म्हणाली, “बारीक झालात हो!” त्यावर तो लाजला, शाळेतल्या पोरासारखा.

आणि एका संध्याकाळी सोफ्यामागे पडलेला फोन काढायला धाकटी वाकली, तर तिथे बिस्किटांचे रिकामे पुडे कोंबलेले. एक नाही, ढीगभर.

“हे काय?”

दादा खिडकीबाहेर बघू लागला.

“मी दिवसभर भट्टीपाशी उभी राहते, पाय मोडेपर्यंत. तरी रोज येते. तुझ्यासाठी बायकांची बोलणी खाल्ली, तुझ्याबरोबर बेचव भाज्या खाल्ल्या. आणि तू?”

“मोजतेस?” दादाने विचारलं. आवाज फोनवरचा होता, शांत. “मोज. पण सगळं मोज. तुझी वहिनी गेली तेव्हा या घरात महिनाभर पाव येत होता. तू येत नव्हतीस. दार उघडलं की खोका आणि पाठमोरी तू. तुला जे द्यायला सोपं होतं ते दिलंस, धाकटे. मी ते खाल्लं. दुसरं काय करणार होतो?”

ती उठली आणि निघून गेली. रडू रस्त्यात आलं, तेही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्यावर.

आठवडा तसाच गेला. ती पाव भाजत राहिली, विकत राहिली. घरी गेल्यावर कुलूप उघडायचा आवाज तिला नको इतका मोठा वाटायला लागला. शनिवारी पास्टर पाव घ्यायला आले. म्हातारे होते, बोलायला कमी. तिचा चेहरा बघून काउंटरपाशी रेंगाळले. तिने सगळं सांगितलं. वाटलं होतं ते म्हणतील, तुम्ही खूप केलंत.

“त्याचं म्हणणं खोटं आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग जा. माफी मागू नका, त्याला मागायला लावूही नका. नुसतं बसा. आपला प्रभू लोकांच्या घरी जेवायला बसायचा. पाव वाढून निघून जात नव्हता.”

ती गेली. दादाने दार उघडलं. तो रडून बसला होता की झोपून उठला होता, तिला समजलं नाही. “चालायला येतोस?” तिने विचारलं. त्याने चपला घातल्या. त्या संध्याकाळी दोघं बंद दुकानांच्या पुढे, पुलापर्यंत गेली. परत येताना दादा म्हणाला, “तुझ्या वहिनीला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी कुणाशी बोललोच नाही.” आणि तो बोलला. इमारतीच्या पायरीवर बसून बोलला, ती ऐकत राहिली. पुडे त्यानंतरही एकदा सापडले. तिने ते उचलून कचऱ्यात टाकले आणि भाज्या चिरायला घेतल्या.

हिवाळा सरताना ऑपरेशन झालं आणि नीट झालं. शुद्धीवर आल्यावर दादाने आधी पाणी मागितलं, मग विचारलं, “भट्टी कोण बघतंय?” दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत त्याची गाठ एका माणसाशी पडली. तो ट्रकचालक होता, दादा पूर्वी होता त्याहूनही जाड. बायको सोडून गेलेली, मुलं दूर. त्यालाही ऑपरेशन हवं होतं आणि डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं.

दादा घरी आला तो काठी घेऊन, पण ताठ. महिन्याभरात काठीही सुटली. आणि एका रविवारी, धाकटी भाज्या घेऊन निघणार तोच त्याचा फोन आला.

“धाकटे, आज येऊ नकोस. ट्रकवाल्याकडे जातोय. खाणं कमी केलंय असं म्हणतो, पण आवाज बरा नाही त्याचा. आवाज मला कळतो.”

“बरं. पुढच्या रविवारी?”

“बघू. त्याला रोज कुणीतरी लागेल असं वाटतंय. सुरुवातीला तरी.” मग म्हणाला, “तू यायचीस ना, तसं.”

“हो, लागेल,” ती म्हणाली. “जा तू.”

फोन ठेवून ती खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या इमारतीतून दादा बाहेर पडला. थोडा लंगडत, पण भराभर चालत होता. हातात काही नव्हतं. कोपऱ्यावर वळताना त्याने वर पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं, त्याचं सगळं लक्ष पुढे होतं. तिला आनंद झाला. आनंद झाला हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. मग देवावर थोडी चिडलीही. भाऊ मिळवायला किती उशीर झाला होता आणि मिळाला तोवर दुसऱ्या कुणाला द्यायची पाळी आली. प्रार्थना करायला बसली तर शब्द येईनात, म्हणून तशीच बसून राहिली.

दुपार कलली. भाज्यांची पिशवी ओट्यावर तशीच होती. तिने एकटीपुरत्या भाज्या चिरल्या, उकडल्या, ताटात घेतल्या. मीठ कमी पडलं होतं. उठून मीठ आणायचा तिला कंटाळा आला. खिडकीतून समोरच्या इमारतीत दादाची खोली अंधारी दिसत होती. ती तिकडे बघत सावकाश जेवली, सगळं संपवलं आणि ताट धुवायला उठली.