तिसऱ्या पिस्टनचं भोक

गाडी माझी, इंजिन माझं, आन् पेडलवर पाय बी माझाच. तरी नाव खराब झालं शरणप्पाचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं कुणी मला गरीब बिचारा समजायला नको.

शहात्तर सालची गोष्ट. मी रावजी, सोलापूर-तुळजापूर टॅक्सी चालवायचो. जुनी अँबॅसिडर, पेट्रोलची. पाच जणांची गाडी, आमी नऊ बसवायचो, आन् मंगळवारी अकरा. सपाटीला तिची कुरकुर न्हाय. पण तुळजापूरचा घाट लागला की दुसऱ्या वळणावर इंजिन मान टाकायचं. मग मी म्हणायचो, "उतरा मंडळी, जरा पाय मोकळे करा." म्हाताऱ्याकोताऱ्या नारळाच्या पिशव्या घेऊन चढ चढायच्या, आन् मी रिकामी गाडी वर नेऊन त्यांची वाट बघत बसायचो. स्टँडवर माझ्या गाडीचं नावच पडलं होतं, उतरा-गाडी. कुणी पाव्हणा विचारत आला की बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "रावजीची हाय की, पण चपला मजबूत हायेत का?" हसायला त्यांच्या बापाचं काय जातंय. मला लई लागायचं.

शरणप्पा माझा दोस्त. होटगी रोडला त्याचं पत्र्याचं शेड. धरणाच्या कामावर आठ वर्षं बुलडोझर दुरुस्त केलेला माणूस. हातात कसब होतं, पण सगळा जन्म डिझेलमधी गेलेला. घरात कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी, आन् बोल्ट अडकला की पुन्हा कानडी.

एक दिवस त्यानं पोत्यातनं ओतीव बिडाचं एक धूड काढलं. गोगलगाईसारखं गोल. म्हणला, "टर्बो हाय. भंगारात निघालेल्या लहान डिझेल मशीनचा. धुराच्या जोरावर आतला पंखा फिरतो, आन् तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. तुझ्या गाडीला बसवू. घाटात कुणाला उतरवायचं काम न्हाय."

"पेट्रोलला चालंल का पण?"

"इंजिन ते इंजिन की रे. भूक समद्यांना सारखीच."

मला गाडी दिसत होती, नऊ माणसं घेऊन घाट चढणारी. मी व्हय म्हणलं.

पंधरा दिवस त्यानं पाइप वाकवले, वेल्डिंग केलं, तेलाची नळी ओढली. मग दोघंच होटगी रोडला ट्रायलला निघालो. पेडल दाबलं आन् गाडी अशी उसळली की माझी टोपी मागच्या शिटावर गेली. त्याच वेळी बॉनेटखाली बारीक टिकटिक ऐकू आली. शरणप्पानं कान बाहेर काढला आन् खूश होऊन म्हणला, "ऐकलंस? आता बोलायला लागलं बघ."

आता हितं नीट समजून घ्या. डिझेलचं इंजिन दिवसभर ठकठक करतं, ती त्याची तब्येत असते. गप्प झालं तर डिझेलवाला घाबरतो. पेट्रोलचं उलटं हाय. पेट्रोलच्या इंजिनात जोर लावताना टिकटिक आली, तर समजायचं आत पेट्रोल नको त्या वेळी भडकतंय. लगेच पाय उचलायचा, गिअर खाली घ्यायचा. न्हायतर पिस्टन जातो. शरणप्पाला हे ठाव नव्हतं. मला ठाव होतं. चौदा वर्षं पेट्रोल चालवलेला माणूस मी. पण आवाज बारीक होता, दोस्ताचं तोंड फुललेलं होतं, आन् गाडी पळत होती. मी काय बोललो न्हाय.

त्या मंगळवारी नऊच माणसं भरली. माझ्या शेजारी अंबुबाई म्हणून बार्शीकडची एक म्हातारी, मांडीवर ओटीचं सामान. दुसरं वळण आलं, गाडी थांबली न्हाय. पुढं एस.टी. कण्हत चढत होती. तिला मी आजवर फक्त मागनं बघितलेली. मी तिसऱ्या गिअरातच पेडल पार खाली दाबलं. एस.टी. मागं पडायला लागली. आन् बॉनेटखालनं आवाज आला, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यावानी.

अंबुबाई म्हणल्या, "ड्रायव्हरदादा, हे काय वाजतंय?"

"नवी मशीन हाय, आजी."

पाय उचलला असता तर एस.टी. पुन्हा पुढं गेली असती. एवढंच कारण. दुसरं कुठलं बी न्हाय.

तिसऱ्या वळणावर एक दणका बसला. मागनं निळा धूर निघाला, पुढनं तेल उडालं, काच काळी झाली. एस.टी. हॉर्न देत शेजारनं गेली. मी म्हणलं, "उतरा मंडळी."

ट्रकला दोर बांधून गाडी शरणप्पाच्या दारात आणली. त्यानं इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला वरनं भोक पडलेलं, आठ आण्याचं नाणं आरपार जाईल एवढं, कडा वितळून खाली ओघळलेल्या. त्यानं तो पिस्टन तळव्यावर घेऊन लई वेळ फिरवला. मग विचारलं, "जायच्या आधी काही वाजलं होतं का?"

"न्हाय," मी म्हणलं. "एकदम गेलं."

असं बघा, खरं सांगितलं असतं तर मी गाढव ठरलो असतो. आन् मला तर तेव्हा रागवायचं होतं. स्टँडवर जाऊन मी बोंब मारली की डिझेलवाल्यानं माझं इंजिन खाल्लं, त्याच्या हाती खेळणं बी देऊ नका. लोक हसले, या वेळी माझ्यावर न्हाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

शरणप्पानं टर्बो काढला, नवा पिस्टन घातला, गाडी होती तशी करून दिली. चावी माझ्या हातावर ठेवली आन् आत निघून गेला. मला वाटलं, रुसला असंल.

दोन महिन्यांनी त्याची बायको चंद्रव्वा स्टँडवर आली. बाई कधी घराबाहेर न पडणारी. म्हणाली, "अण्णा, एकदा येऊन बोला त्यांच्याशी. कुणाच्या इंजिनाला हात लावीनात. त्यो पिस्टन घेऊन बसत्यात. म्हणत्यात, आपली चूक कुटं झाली ते कळल्याबिगर दुसऱ्याचं इंजिन उघडायचं न्हाय. आता मी काय करू?"

जातो म्हणलं. आन् आठ दिवस गेलो न्हाय. नवव्या दिवशी गेलो.

शेडमधी पोत्यावर त्यानं टर्बोचे समदे तुकडे मांडून ठेवलेले. पाइप, नळ्या, वायसर, एकाखाली एक. प्रत्येकाला शंभरदा पुसलेलं दिसत होतं. मला बघून म्हणला, "तेलाची नळी बरोबर हाय. जोड बरोबर हाय. मला काय सापडंना, रावजी."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "वाजलं होतं. दुसऱ्या वळणापासनं तिसऱ्यापर्यंत. मी पाय उचलला न्हाय."

त्यानं मान वर केली. "कसं वाजलं?"

शेजारच्या डब्यात बोल्ट होते. मी तो डबा हलवून दाखवला.

"पुन्हा."

मी पुन्हा हलवला.

"हा तर ट्रायलला मी बी ऐकला," तो हळू म्हणला. "मला वाटलं इंजिन खुशीत हाय. पेट्रोलला हा वाईट असतो?"

"व्हय."

"तुला ठाव होतं?"

"व्हय."

"आन् मी विचारलं, तवा बी?"

मी म्हणलं, "चुकलं माझं, शरणप्पा." त्यानं विचारलेल्याचं उत्तर ते नव्हतं, हे मला बी कळत होतं.

तो म्हणला, "दोन महिने मी माझे हात तपासतोय." मग त्यानं तो पिस्टन भंगाराच्या पेटीत टाकला. चंद्रव्वानं दोन कप चहा आणला होता. त्यानं माझ्या पुढ्यातला कप उचलून तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवसापासनं शेड चालू झालं. आता तो पेट्रोलच्या गाड्या बी करतो, चांगल्या करतो. गाडी आली की पयलं विचारतो, आवाज कसा येतो, खरं सांग. माझ्या गाडीला मात्र हात लावत न्हाय. मी दुसरीकडं नेतो.

घाटात मी अजून बी माणसं उतरवतो. होटगी रोडनं जाताना शेडपुढं एकदा हॉर्न देतो. हॉर्न त्याला ओळखू येतो. तो मान वर करत न्हाय.