शिवणीची फळी

नागसेनच्या उजव्या हाताची अनामिका पूर्ण सरळ होत नाही. मधल्या सांध्यापाशी थोडा कोन राहतो. हात टेबलावर पालथा ठेवला, की त्या सांध्याखालून एक पेन्सिल सहज जाईल, एवढाच. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षात येत नाही. मी सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते, दिवसभर हाडं आणि हात बघते, आणि हा हात तर रोज माझ्यासमोर भाकरी मोडतो.

माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि सुट्टीत डोंगरकडे चढायचा. कारंजा घाडगेच्या पलीकडे टेकड्यांमध्ये काळ्या दगडाच्या काही भिंती आहेत. तिथे तो आणि त्याचे नागपूरचे दोन मित्र हिवाळाभर जायचे. एक चढायचा, दुसरा खाली त्याचा दोर धरून उभा राहायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी एका अरुंद खाचेत त्याची बोटं होती आणि पाय सुटला. सगळं वजन त्या एका बोटावर आलं. बोटाच्या हाडाशी स्नायूची दोरी धरून ठेवणारी जी छोटी पट्टी असते, ती तुटली. मग तो खाली आला, आणि दोर ताणला जाण्याआधीच एका टप्प्यावर टाच आपटली.

टाचेच्या हाडाचा एक्स-रे मी पाहिला. ते हाड मी कित्येकदा विद्यार्थ्यांच्या हातात ठेवलं आहे, त्यावरची प्रत्येक कड मला पाठ आहे. त्या दिवशी मात्र ते कोणतं हाड आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

कुबड्या सुटल्यावर त्यानं एकदा विचारलं होतं, "पुन्हा जाऊ का?"

मी म्हटलं, "बघू."

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. चढायचे बूट धुऊन कपाटावर ठेवले. रागावला नाही, गप्पही झाला नाही. रविवारी माझ्याबरोबर बाजारात येऊ लागला. लोकांना वाटलं, आवड संपली. मला माहीत होतं की तो माझ्या उत्तराची वाट बघतोय, आणि त्याला माहीत होतं की हे मला माहीत आहे. असे आम्ही छान राहत होतो.

यंदा दिवाळीनंतर तो लाकडं कापायच्या आरामशीनवरून शिवणीच्या झाडाची एक जाड फळी घेऊन आला.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटाले व्यायाम. दारावर लावतो. लटकायचं, उतरायचं. जमिनीपासून वीतभर वर." तो फळीवर हात फिरवत म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "बाकी काही नाई."

घडवायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. फळीत आडव्या खाचा कोरायच्या होत्या, बोटांची टोकं टेकतील अशा. काही खोल, काही उथळ. किती खोल, यावर त्याचा अंदाज होता आणि माझ्याकडे व्हर्निअर कॅलिपर. जेवणाच्या टेबलावर मी त्याचा हात घेतला आणि एकेका बोटाचं पहिलं पेर मोजलं. अनामिकेपाशी आले तेव्हा थांबले.

"दुखतं?"

"दाबलं तं दुखते. धरलं तं नाई."

मी धरलं. मोजायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

खाचेची कड टोकदार ठेवायची नाही, हे मी ठरवलं. कड धारदार असली तर सगळा भार एका रेषेवर येतो. गोल केली की तो पसरतो. तो पटाशी चालवायचा, मी पॉलिश पेपरनं कडा गोल करायचे. स्वयंपाकघराच्या दारावर सिमेंटची पट्टी आहे, तिच्यात लांब स्क्रू बसवून फळी चढवली. त्यानं उजळ, कोऱ्या लाकडाला बोटं लावली आणि पाय उचलले. मी श्वास रोखला होता. तो पाच-सात आकडे मोजून खाली उतरला आणि हसला. तसं हसणं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी भात बघायला आत गेले. भात शिजायला अजून वेळ होता.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, सीताबाई, रोहण्याहून आल्या. तूर शेतात उभी होती, कापूस वेचायला बाया लावल्या होत्या, म्हणून चार दिवस सवड काढलेली. पिशवीत आमच्यासाठी चण्याची भाजी, लाल तिखट आणि घाण्यावरचं जवसाचं तेल.

दारावरची फळी बघून त्या म्हणाल्या, "लोकं दारावर तोरण बांधते. माह्या पोरानं पाटा टांगला."

"व्यायामाचा हाय, आई."

"वावरात ये ना. फुकटचा व्यायाम देतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर गेलो. संध्याकाळी मी परतले तेव्हा घरात जवसाचा जड, गवतासारखा वास होता. नागसेन नुकताच आला होता. त्यानं चप्पल काढली, सवयीनं दारापाशी गेला, हात वर केले, पाय उचलले. आणि बोटं सुटली. वीतभर उंची. तो पायांवर आला, तोल गेला, फरशीवर बसला. काही लागलं नाही. मी मात्र पर्स हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिले.

फळी मधाच्या रंगाची झाली होती, चकचकीत.

सासूबाई आतून आल्या. "पडला का रे? सकाळीच त्याले तेल पाजलं मी. कोरडं ठक्क होतं लाकूड. दोनदा पाजलं, खाचाखाचांत बोट घालून."

गावाकडे वखर, डवऱ्याचे दांडे, कुऱ्हाडीची मूठ, सगळ्यांना त्या असंच तेल पाजतात. न पाजलेलं लाकूड म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी ठेवलेलं जनावर. त्यांनी घरातली सगळ्यात चांगली बाटली संपवली होती.

नागसेन फरशीवरूनच हसला. "चांगलं केलं, आई. आता घुन लागत नाई."

मग उठला, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्टूलवर चढला.

"काऊन काढून राह्यला?"

"तेलावर बोटं टिकत नाईत. कोरडंच लागते ते." आवाजात तक्रार नव्हती. "जाऊ दे. कपडे टांगायले होईन."

तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगते, कारण नंतर मी त्याचा बराच विचार केला. मला सुटल्यासारखं वाटलं. खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला. कोणी नाही म्हटलं नव्हतं, आणि तरी ते थांबलं होतं.

सासूबाई ओशाळल्या होत्या. "घासून काढलं तं निघन का तेल? पौर्णिमा, तू शिकलेली हायेस, सांग ना. रविवारी घासा दोघं."

"हो," नागसेन म्हणाला. "रविवारी पाहू."

मला एवढंच करायचं होतं, की गप्प राहायचं. जवसाचं तेल खोबरेल तेलासारखं नसतं. ते उडून जात नाही आणि ओलंही राहत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत ते लाकडाच्या आतच घट्ट होतं, पुढे राळेसारखं कडक. आज ते पुसून, घासून बरंचसं निघालं असतं. रविवारपर्यंत शिवणीसारख्या मऊ लाकडात ते मुरून बसलं असतं, आणि मी गोल केलेल्या कडा वाया गेल्या असत्या. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं. फळी आपोआप मेली असती. दोष आला असता तर त्या तेलाच्या बाटलीवर, आणि सासूबाईंनी तो हसत घेतला असता.

नागसेन शेवटचा स्क्रू काढत होता. फळी पडू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं ती धरली होती, तान्ह्या मुलाच्या मानेखाली हात धरतात तशी. ती बिनकामाची झाली आहे असं आत्ताच म्हणालेला माणूस.

"रविवारी उशीर होईल," मी म्हटलं. "आजच घासावं लागेल. तेल आत घट्ट होतं."

स्क्रू सुटला, फळी त्याच्या हातात आली.

"खाली दे ती," मी म्हटलं.

टर्पेंटाइनची बाटली गॅलरीत होती, मागच्या खिडकीच्या रंगातून उरलेली. आम्ही मागच्या अंगणात पोतं अंथरलं. उजेड अजून होता. मी चिंध्यांनी तेल पुसून घेत होते, नागसेन जाड पॉलिश पेपरनं घासत होता आणि सासूबाई शेवटी राहवेना म्हणून खाचांमध्ये काडीला फडकं गुंडाळून घालू लागल्या. वापरलेली प्रत्येक चिंधी मी भिंतीवर वेगळी पसरून ठेवत होते.

"चिंध्या काऊन वाळवत घालतेस? वापरतेस का पुन्हा?"

"जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात, आई."

"आपोआप?" त्या नागसेनला म्हणाल्या, "तुही बायको मले भेव दाखवते."

"तिले सगळ्याचंच भेव माहीत हाय," नागसेन म्हणाला. टोमणा नव्हता तो.

लाकडाचा मूळ रंग हळूहळू वर येत होता, सगळीकडे नाही, ठिगळांसारखा. सासूबाईंनी काडी बाजूला ठेवली. "मले एक सांग, नागसेन. बोटाच्या व्यायामाले एवढा खटाटोप कोणी करत नाई. तुले पुन्हा त्या पहाडावर जायचं हाय ना?"

तो घासत राहिला. "मले जायचं हाय. पौर्णिमानं अजून सांगितलं नाई."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले असन."

"माय." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "एवढ्यात तं वावराच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणाचा निकाल लागते व. आमचा नाई लागला, पण लोकायचा लागते." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नाई म्हणायचं असन तं नाई म्हण. मी तुह्याकडून हावो. मलेबी नाई आवडत ते. पण पोरगं आपलं दाराले लटकून राह्यलं."

नागसेनचा हात थांबला होता. भुशाची पांढरट धूळ त्याच्या अनामिकेच्या त्या कोनात साचली होती. मी ती माझ्या पदरानं पुसली, बोट हातात धरून ठेवलं. भीती होतीच, आणि ती जाणार नव्हती, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी तिच्या जाण्याचीच वाट बघत होते, आणि म्हणून तो थांबला होता.

"नागसेन," मी म्हटलं, "जा तू. या हिवाळ्यातच जा. आणि दोर धरायला मला शिकव, खाली मी उभी राहीन."